सुट्टीच्या दिवसाची गोळी

२ फेब्रुवारी

आमच्या शर्टांच्या कारखान्यात काजवालीच्या मशीनखाली बटणांचा एक डबा असतो. 'पांढरी, चार भोकांची' असं त्यावर लिहिलेलं आहे. आज अकराच्या चहाला तो उघडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. आत एकही बटण नव्हतं. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटांची चळत होती आणि प्रत्येक पाकिटाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. निळा दोरा इस्त्रीवालीचा, पिवळा धुराड्याचा. (धुराडं म्हणजे बाह्या जोडणारी. ती दर सुट्टीत मागच्या जिन्यावर सिगारेट ओढते, म्हणून सगळ्या तिला धुराडं म्हणतात आणि ती ओ देते.) प्रत्येकीने आपल्या दोऱ्याचं पाकीट उचललं, चहाबरोबर गोळी गिळली आणि पाकीट परत डब्यात टाकलं.

"घरी का नाही ठेवत?" मी विचारलं.

"घरी कुठे ठेवू? उशीखाली सासू बघते, पर्समध्ये नवरा बघतो आणि डब्यात ठेवली तर पोरं गोडाची म्हणून खातील."

"आणि रविवारी?"

"रविवारी कारखाना बंद असतो मॅडम."

"ते माहीत आहे. गोळी?"

"गोळीलाही सुट्टी," धुराडं म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

मला हसू आलं नाही. इस्त्रीवालीला गेल्या वर्षी दिवस गेले. 'गोळ्याच खोट्या निघाल्या' असं ती अजून सांगते. गोळ्या खोट्या नव्हत्या. मालाच्या साठामोजणीसाठी चार दिवस कारखाना बंद होता आणि गोळ्या डब्यात पडून होत्या! रोज घ्यायची म्हणजे रोज, हे या बायकांना कुणीही सांगितलेलं नाही. विकणाऱ्याने नाही, घरच्यांनी नाही. मालकाने तर नाहीच. त्याला शर्ट वेळेवर हवेत, बायकांचं काही का होईना.

तीन महिन्यांपूर्वी मला 'कामगार कल्याण साहाय्यक' हे पद मिळालं. तेव्हापासून मी फक्त हजेरीपट लिहिते आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ती काय हजेरीपट लिहायला घेतली?

३ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत आरोग्य केंद्रात पळत जाऊन आले. नर्सबाई शांत आहेत, जरा जास्तच. त्यांनी समजावून सांगितलं. गोळी रोज, शक्यतो एकाच वेळी. पाकिटातल्या शेवटच्या सात वेगळ्या रंगाच्या गोळ्यांत औषध नसतं, सवय मोडू नये म्हणून त्या असतात. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळेला. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली घ्यायची, पुढे रोज चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोधही वापरायचा. त्या पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यात राहिल्या असतील तर बिनऔषधाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात राहिल्या आणि मध्ये संबंध आला असेल तर इकडे येऊन विचारायचं. मी सगळं तोंडपाठ केलं.

मी निघताना त्या म्हणाल्या, "सगळ्यांना एकदा इकडे पाठवा. रक्तदाब बघू, चार प्रश्न विचारू."

"कधी पाठवू? संध्याकाळी तुमचं केंद्र बंद. रविवारी बंद. बायका सकाळी मशीनवर बसतात त्या अंधार पडल्यावर उठतात."

"वेळा मी नाही ठरवत हो."

संतापाने मी तिथून निघाले. बायकांसाठी केंद्र काढायचं आणि बायकांना येताच येणार नाही अशा वेळा ठेवायच्या! चार प्रश्न विचारायचे आहेत म्हणे. आधी दार तरी उघडं ठेवा.

७ फेब्रुवारी

जमलं! शनिवारी सुटताना प्रत्येकीने आपल्या पाकिटातली उद्याची एक गोळी कागदासकट कापून घरी न्यायची. ठेवायची सुयांच्या पुडीत. कुठलीही सासू सुयांची पुडी चाचपत नाही, बोटाला टोचतं. ही कल्पना माझी. काजवाली म्हणाली, "शिकलेली पोर आहे, डोकं चालतं." दिवसभर हवेत होते.

८ फेब्रुवारी

आज घरी वहिनीशी बोलले. वहिनी याच कारखान्यात कॉलर शिवते, मी शाळेत होते तेव्हापासून. मॅनेजर तिला लाइनवर देखरेखीला बसवणार आहे. दोन मुली आहेत, तिसरं तिला नको आहे. दादाला हवं आहे की नको हे कुणालाच माहीत नाही, कारण दादाला विचारलं की तो म्हणतो, "बघू, होईल ते होईल," आणि टेम्पो पुसायला जातो. होईल ते वहिनीला होणार आहे, टेम्पोला नाही!

मी म्हटलं, "तूही डब्यात एक पाकीट ठेव. दोरा कुठला हवा ते सांग."

"नको गं. माझं डोकं आधीच इतकं दुखतं."

"ते त्या लाइटमुळे. तुझ्या मशीनवरची ट्यूब लुकलुकते, मी पाहिली आहे."

"दुखायच्या आधी डोळ्यांसमोर आरशाचे तुकडे चमकल्यासारखं होतं. वाकडीतिकडी कडा असते त्याला. मग अर्धं दिसतच नाही."

"तेच तर म्हणते. दिवसभर लुकलुकत्या उजेडात पांढऱ्या कॉलरीकडे बघितलं तर दुसरं काय होणार?"

तिने कपाळ चोळलं. मग म्हणाली, "हिरवा दोरा चालेल का, वन्सं?" मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते.

९ फेब्रुवारी

औषधवाल्याकडून मीच पाकीट आणलं. त्याने ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी घातली आणि दुसरीकडे बघत माझ्या हातात दिलं. जणू मी बॉम्ब विकत घेत होते. कुणासाठी, कशासाठी, एक शब्द नाही. मी काळी पिशवी तिथेच त्याच्या काउंटरवर काढून ठेवली आणि पाकीट हातात धरून रस्त्याने आले. लाज त्याला वाटायला हवी.

२४ फेब्रुवारी

वहिनीचं डोकं या आठवड्यात तीनदा दुखलं. एकदा तर कॉलर उलटी शिवली, वहिनीने! मी मॅनेजरला लेखी अर्ज दिला. 'दोषयुक्त प्रकाशव्यवस्थेमुळे कामगारांच्या दृष्टीवर होणारा परिणाम' हा विषय.

मॅनेजर म्हणाला, "उजेड कमी केला की टाके वाकडे येतात आणि जास्त केला की तुमचा अर्ज येतो."

"कमी-जास्त नाही म्हणत मी. लुकलुकतो म्हणते."

"मॅडम, तुम्ही हजेरीपट पूर्ण केलात का?"

असली माणसं बघितली की मुठी आवळल्या जातात. चांगली बाई डोळे गमावेल आणि याला हजेरीपट हवा.

५ मार्च

साठामोजणी. आजपासून चार दिवस कारखाना बंद. काल सुटताना सगळ्या चार-चार गोळ्या पुडीत घेऊन गेल्या. मी दारात उभी राहून एकेकीला विचारलं. इस्त्रीवालीने पुडी काढून दाखवली आणि म्हणाली, "या वेळी खोट्या नाही निघणार."

१२ मार्च

जिंकले! पाच अर्ज, दोन भांडणं आणि मालकासमोर एक भाषण झाल्यावर कॉलरच्या लाइनवर नवे दिवे लागले. स्थिर, दुधाळ उजेड. बायकांनी टाळ्या वाजवल्या. धुराड्याने शिट्टी मारली.

दुपारी वहिनी जिन्यावर डोळे मिटून बसली होती. आज दोनदा झालं म्हणाली, आणि हाताच्या बोटांना मुंग्या येतात. मी म्हटलं, इतक्या वर्षांची डोळ्यांची सवय आहे, नव्या उजेडाशी जुळायला वेळ लागेलच. तिने मान हलवली.

१९ मार्च

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज लिहिते.

काल चहाच्या थोडं आधी काजवाली धावत ऑफिसात आली. "तुझी वहिनी काहीतरीच बोलतेय."

मी गेले. वहिनी मशीनसमोर बसलेली. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तिला 'कात्री' म्हणायचं होतं आणि ती 'खिडकी, खिडकी' म्हणत होती. आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळत होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मॅनेजर म्हणाला, "पाणी द्या, पडू द्या जरा." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काजवाली आणि धुराड्याने दोन्ही बाजूंनी वहिनीला धरलं आणि माल न्यायला आलेल्या गाडीत घातलं. मी दादाला फोन केला.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत हात हलायला लागला होता. शब्दही परत येत होते, एकेक. तरी त्यांनी डोक्याचा फोटो काढला, ठेवून घेतलं. दादा टेम्पो तसाच रस्त्यावर सोडून आला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, भराभर विचारत होत्या. तंबाखू? रक्तदाब? कुठल्या गोळ्या चालू आहेत?

"काही नाही हो," दादा म्हणाला. "साधी आहे ती. साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको. दादाला माहीत नव्हतं ना.

मी सांगितलं. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते, सव्वा महिना झाला.

दादा माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि वहिनीला विचारलं, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं?"

"हो," वहिनी म्हणाली. "लहानपणापासून."

"अशा डोकेदुखीत या गोळ्या घ्यायच्याच नसतात. यांच्यातल्या एका औषधाने रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि तुमच्यासारखीला मेंदूत झटका येऊ शकतो. फोटोत काही दिसत नाही, हात परत आला, हे नशीब समजा. आजपासून बंद. सुरू करण्याआधी कुणी विचारलं नाही तुम्हाला? कुणी दिल्या या?"



"औषधाच्या दुकानातून आणल्या होत्या," मी म्हटलं.

खरंच तिथूनच आणल्या होत्या. त्याने विचारायला नको होतं? त्याचं कामच ते आहे!

२२ मार्च

वहिनीला काल घरी सोडलं. बोलणं पूर्ण नीट आहे. आईने मुलींना शेजारी पाठवलं आणि दादाने तोंड उघडलं.

"माझ्यापासून लपवलं. नवरा आहे मी."

"तू कधी विचारलंस?" मी म्हटलं. "तिसरं हवं की नको, कसं टाळायचं, कधी एक शब्द तरी काढलास? होईल ते होईल म्हणायचं आणि फडकं घेऊन टेम्पोकडे पळायचं!"

"तू गप्प बस. तूच आणून दिल्यास ना? पदवीवाली! बायको मेली असती माझी."

"आणि तिसऱ्या बाळंतपणात मेली असती तर? तेव्हा कुणाला विचारलं असतंस?"

आई म्हणाली, "हळू बोला रे, भिंतीला कान आहेत." मी म्हटलं, असू देत, भिंतीनेही ऐकावं.

तेव्हा वहिनी उठून बसली. "झालं दोघांचं?" तिचा आवाज लहान होता. "तुम्ही मला कधी विचारलं नाही हे खरं आहे. आणि वन्सं, तुम्ही तरी? डोळ्यांपुढे तुकडे चमकतात म्हटलं, तुम्ही दिवे बदलायला गेलात. बोटांना मुंग्या येतात म्हटलं, तुम्ही म्हणालात सवय होईल. मी सांगत होते. तुम्ही भांडत होतात."

माझ्याशी ती एरवी एकेरीत बोलते. आज वन्सं म्हणताना चिडवत नव्हती.

 पण ते भांडण कुणासाठी होतं? माझे डोळे दुखत होते का? इतकी धावपळ केली, मॅनेजरची बोलणी खाल्ली, आणि शेवटी मी आणि दादा एकाच पंगतीत! दादा आणि मी!

झोप लागत नाही.

२७ मार्च

नर्सबाईंना कारखान्यात आणलं. मॅनेजर 'उत्पादन बुडेल' म्हणाला. मी म्हटलं, पुढची बाई मशीनवर कोसळली तर किती बुडेल ते आधी काढा, मग बोला. चहाच्या सुट्टीला अर्धा तास जोडून मिळाला.

कापडाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत नर्सबाई रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसल्या आणि प्रत्येकीला आत बोलावून तेच ते विचारलं. वय काय, सिगारेट-तंबाखू आहे का, डोकं कसं दुखतं, दुखायच्या आधी काही दिसतं का, पायात किंवा छातीत कधी गुठळी झाली होती का, स्तनाचा किंवा यकृताचा काही आजार, अंगावर दूध पिणारं मूल, क्षयाची किंवा फिटची औषधं चालू आहेत का. चार प्रश्न म्हणाल्या होत्या, निघाले आठ-दहा.

काजवालीचा रक्तदाब इतका चढलेला निघाला की तिच्या गोळ्या तिथेच बंद. तिला त्याचा पत्ताच नव्हता. नुकत्याच कामाला लागलेल्या मुलीचं बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पितं. तिला दुसरा उपाय सांगितला, दुधाला न बाधणारा. धुराडं अडतीस वर्षांची.

"पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या बाईने या गोळ्या घ्यायच्या नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. "गोळी बंद करा, आपण दुसरं बघू. आणि सिगारेटही सोडा."

"दोन्ही सोडू? मग नवराच सोडते. सगळाच प्रश्न मिटेल."

नर्सबाईसुद्धा हसल्या. मग सगळ्यांना उभं करून त्यांनी सांगितलं. एका पायाची पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक कधी नव्हे असं डोकं दुखलं, नजर गेली, जीभ अडखळली, तर गोळी तिथेच थांबवायची आणि तडक रुग्णालय. काम सुटायची वाट बघायची नाही, कुणाची परवानगी मागायची नाही. बाकीच्यांनी गोळी चालू ठेवायला हरकत नाही, घाबरून अर्ध्यात सोडू नका. आणि ही गोळी दिवस राहू देत नाही, संबंधातून येणारे रोग थांबवत नाही, त्याला निरोधच.

जाताना मला म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, एकदा पाठवा."

म्हटलं होतं! पण किती हळू! एवढी मोठी गोष्ट दारातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या पाठीला सांगतात का? हात धरून बसवायचं होतं मला. ओरडायचं होतं.

काजवालीने डबा उघडून आपला लाल दोरा सोडला आणि त्याची गुंडाळी करून खिशात टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही.

३१ मार्च

वहिनीची तपासणी होती. पुढे काय वापरायचं तेही विचारायचं होतं. मी रजा टाकली. तांबी, फक्त एकाच औषधाची गोळी, इंजेक्शन, शस्त्रक्रिया, सगळ्याचे फायदे-तोटे कागदावर मांडून नेले होते. दादाही आला, कुणी न सांगता. टेम्पो घरी ठेवून.

डॉक्टरीणबाईंच्या दाराशी वहिनी वळली. "तुम्ही दोघं बाहेर बसा."

"अगं, मी सगळं लिहून आणलं आहे."

"बाहेर," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाकावर मी आणि दादा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ घोरत होते. मला इतकी चीड आली होती की डोळ्यांत पाणी आलं. दादा चप्पल फरशीवर घासत होता.

"ती गोळी," तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "रोज घ्यायची असते?"

"रोज."

"वर्षानुवर्षं?"

"नको असेल तोवर."

"मला तर टेम्पोचं तेल बदलायचं आठवत नाही."  मग, "मरून गेली असती तर गं?"  

दार उघडलं. वहिनी बाहेर आली. मी आणि दादा एकदमच उठलो.

"काय ठरलं?" हेही एकदमच.

"माझं बोलून झालं," वहिनी म्हणाली. "आता तुम्हाला आत बोलावलंय."

"मला?" दादाने मागे वळून पाहिलं, मागे कुणी असेल म्हणून. "मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. पुरुषांची शस्त्रक्रिया म्हणजे काय ते त्या सांगतील. बायकांपेक्षा सोपी असते म्हणाल्या. ऐकून तर या. हो-नाही नंतर बोलू."

घोरणारे गृहस्थ जागे झाले. दादाचे कान लाल. तो आत गेला, टोपी हातात घेऊन, शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखा. मी त्याच्यामागे निघाले, कारण त्याला काही कळणार नाही, आणि पुरुषाला बरं वाटावं म्हणून डॉक्टर लोक कसं गुळमुळीत बोलतात ते मला माहीत आहे.

"तू बस," वहिनी म्हणाली.

बसले. कागद हातात तसाच. तिने तो मागितला नाही. म्हणायला माझ्याकडे बरंच होतं: आरोग्य केंद्राच्या वेळांबद्दल, त्या औषधवाल्याबद्दल, मॅनेजरने तिची देखरेखीची जागा 'तब्येत सुधारल्यावर बघू' म्हणून टाळली त्याबद्दल. त्याच्यावर तर उद्याच अर्ज जाणार आहे. पण ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचा उजवा हात ती पुन्हा पुन्हा उघडत होती, मिटत होती.

"पहिल्यांदा कधी झालं होतं?" मी विचारलं. "ते चमकणं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काही चुकीचं बोलले की काय असं वाटलं. मग ती सांगायला लागली. सातवीत असताना, फळ्यावरची अर्धी अक्षरं गेली. बाईंना वाटलं वाचायचं नाही म्हणून सोंग करते. छडी मारली. मग दर पाळीच्या आधी. मग लग्नानंतर कमी झालं होतं, थोरलीच्या वेळी पुन्हा. सावकाश सांगत होती, मध्ये थांबत होती, आणि थांबली की मला काहीतरी बोलावंसं वाटायचं. जीभ दाताखाली धरून बसले.

दादा बाहेर आला तेव्हा ती धाकटीच्या जन्मापर्यंत पोहोचली होती. तो घामाघूम होता. "अगं, ऐक, त्या म्हणाल्या की..."

"थांबा जरा," वहिनी म्हणाली. "मी बोलतेय."